डेलियाच्या कंदांची निवड व खरेदी : एक वनस्पतिशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

हिवाळी फुलझाडांमध्ये डेलियाचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. गुलाबाचे कलम विकत घेताना ग्राहक त्याची पाने व फुटवे पाहू शकतो. डेलियाच्या बाबतीत मात्र त्याच्या हाती सुप्तावस्थेतील एक मातकट मूळ येते. पाकिटावरील छायाचित्र व कंदाचा आकार या दोनच गोष्टींवर विसंबून बहुधा खरेदी होते आणि या दोन्ही गोष्टी फसव्या ठरू शकतात. निवड चुकल्याचे लक्षात येईपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो. कंदाची रचना समजून घेतल्यास ही हानी बऱ्याच अंशी टाळता येते. त्या दृष्टीने, महाराष्ट्राच्या मैदानी भागातील घरगुती बाग डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेखात कंदनिवडीचे निकष मांडले आहेत.

बियाण्याऐवजी कंद का?

डेलियाचे मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिकेतील डोंगराळ प्रदेश होय. १७८९ मध्ये मेक्सिकोहून माद्रिदच्या वनस्पती उद्यानात त्याचे बी पोहोचले. तेथील आंतोनियो होसे काव्हानियेस यांनी १७९१ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स डाल यांच्या स्मरणार्थ या प्रजातीला नाव दिले. १९६३ मध्ये मेक्सिकोने डेलियाला राष्ट्रीय पुष्पाचा दर्जा दिला.

आजची उद्यानातील डेलिया संकरोद्भव व अष्टगुणित असून तिच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात. त्यामुळे बियांपासून वाढलेल्या रोपांत मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. वाणाचा रंग व पाकळ्यांची ठेवण कायम राखावयाची असल्यास कंद किंवा छाट कलम हेच मार्ग उरतात. १८७२ मध्ये मेक्सिकोहून नेदरलँड्सला पाठविलेल्या मुळांच्या पेटीतील एकच मूळ जिवंत राहिले. परंतु त्या एका मुळापासून 'कॅक्टस' प्रकारच्या डेलियांची परंपरा सुरू झाली. कंदाचे मोल आणि त्याची नाजूकता या दोन्ही बाबी या उदाहरणातून स्पष्ट होतात.

कंदाची रचना

बटाटा हे खोडाचे रूपांतर आहे, म्हणून त्याच्या सर्वांगावर डोळे असतात. डेलियाचा कंद हे अन्न साठवून फुगलेले मूळ आहे. त्यात स्टार्चऐवजी मुख्यतः इन्युलिन हा पदार्थ साठविलेला असतो. या मुळावर डोळे नसतात. ते जुन्या खोडाच्या तळाशी, जेथे मूळ खोडाला जोडलेले असते त्या भागात असतात. म्हणून खोडाचा अंश नसलेला कंद कितीही पुष्ट असला तरी त्याला कोंब फुटत नाही. तो जमिनीत काही काळ टिकेल, प्रसंगी तंतुमुळेही सोडेल, पण त्यापासून रोप मिळणार नाही. याउलट अंगठ्याएवढा कंद डोळ्यासह मिळाला तर त्यापासून सशक्त रोप तयार होते. मोठी फुले देणाऱ्या कित्येक वाणांचे कंद मुळातच लहान असतात. तात्पर्य, कंदाचे मोल त्याच्या वजनावर नव्हे, तर डोळ्यावर ठरते.

खरेदीच्या वेळी तपासावयाच्या बाबी

१. डोळा : खोडाच्या तळाशी बारीक उंचवटा अथवा गुलाबी-हिरवट कोंब दिसावा. सुप्तावस्थेत डोळा ओळखणे कठीण असल्याने कोंब दिसू लागलेला कंद घेणे हिताचे.

२. मान : कंद व खोड यांना जोडणारा निमुळता भाग अखंड असावा. हाताळणीत किंवा प्रवासात मान मोडल्यास कंदातील अन्न डोळ्यापर्यंत पोहोचत नाही.

३. घट्टपणा : कंद दाबून पाहावा. किंचित सुरकुतलेला कंद चालतो. पिचपिचीत, दुर्गंधीयुक्त किंवा पूर्ण वाळून पोकळ झालेला कंद नाकारावा.

४. गाठी : मानेजवळ फुलकोबीसारखी खडबडीत वाढ असल्यास ती जिवाणूजन्य गाठीची खूण असू शकते. दुसऱ्या एका जिवाणूजन्य रोगात एकाच जागी असंख्य खुरटे कोंब दाटीने येतात. अननुभवी ग्राहक त्यांना भरपूर डोळे समजून असाच कंद आवर्जून निवडण्याचा धोका असतो.

५. विषाणू : डेलिया मोझॅक विषाणूचा प्रसार माव्यामुळे, तर टोमॅटोवरील ठिपके-मर विषाणूचा प्रसार फुलकिड्यांमुळे होतो. बाधित झाडाच्या कंदातून रोग पुढील हंगामात जातो. सुप्त कंदावर त्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. यावर घरगुती उपाय एकच : झाड फुलावर असताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, रोपवाटिकेत जाऊन पाहावे. शिरांलगत फिकट पट्टे किंवा खुरटलेली पाने नसलेले झाड निवडून त्यावर चिठ्ठी बांधून घ्यावी व त्याच झाडाचा कंद नंतर मागावा. यामुळे वाणाचीही खात्री होते.

छायाचित्रांबाबत एक सूचना आवश्यक वाटते. पारंपरिक संकरातून डेलियात खरा निळा रंग मिळालेला नाही. निळ्या डेलियाचे चित्र दाखवून कंद विकले जात असतील तर ते घेऊ नयेत.

खरेदीचा काळ

समशीतोष्ण कटिबंधात डेलिया वसंतात लावून शरदात फुलते व हिमतुषार पडल्यावर तिचे कंद काढले जातात. मैदानी महाराष्ट्रात क्रम वेगळा आहे. येथे पावसाळ्यानंतर लागवड, थंडीत बहर आणि पाने वाळल्यावर मार्चच्या सुमारास कंदांची काढणी होते. युरोपातील कंद प्रामुख्याने जानेवारी ते एप्रिल या काळात विक्रीस येतात; तेव्हा आपल्याकडे उन्हाळा तोंडावर असतो. असे कंद कोरड्या वाळूत वा कोकोपीटमध्ये थंड जागी सहा महिने सांभाळावे लागतात. उन्हाळ्यात ते वाळतात, पावसाळ्यात कुजतात. शिवाय २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशी कंदांसाठी आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते. म्हणून भाद्रपद-आश्विनात स्थानिक रोपवाटिकेतून अंकुरलेले कंद घेणे अधिक श्रेयस्कर ठरते. अशा एका कंदाच्या कोवळ्या फुटव्यांपासून छाट कलमाने अनेक रोपे करता येत असल्याने प्रत्येक वाणाचे एक-दोन निरोगी कंद पुरेसे होतात.

निष्कर्ष

डेलियाच्या कंदाची पारख आकार व चित्र यांवरून न करता डोळा, मान, घट्टपणा व मातृझाडाचे आरोग्य यांवरून करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य होय. बाधित कंदाची हानी त्या एका झाडापुरती मर्यादित राहत नाही. मावा व फुलकिडे तो रोग शेजारच्या झाडांवर नेतात. म्हणून संख्येने थोडे, पण पारखून घेतलेले कंद लावणे हेच घरगुती बागेच्या दीर्घकालीन हिताचे आहे.