खेड्याचे मत आणि खेडुताचे मत

निवडणुकीचा निकाल लागला की, ‘अमुक गाव अमक्या पक्षाचे’ असे आपण सहज बोलून जातो. जणू गाव म्हणजे एकच माणूस, आणि त्याचे मत एकदा ठरले की ते पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाचे! नाशिक जिल्ह्याचा इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकने शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड यांना लोकसभेत धाडले. पुढे चिनी आक्रमणाच्या वेळी संरक्षणमंत्री झालेले काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण १९६३ च्या पोटनिवडणुकीत येथूनच बिनविरोध निवडून गेले. सहा वर्षांत मतदार फारसे बदलले नव्हते. त्यांच्यापुढचा प्रश्न बदलला होता. खेड्यातील मतदानाचा विचार करताना आम्हांस हेच सूत्र हाती धरावेसे वाटते.

प्रथम ग्रामपंचायत घेऊ. या निवडणुकीत पक्षांची चिन्हे नसतात. प्रभागात मते मोजकी. एखाद्या भावकीची वीस-पंचवीस मते इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो. येथे प्रश्न असतो तो नळ कोणत्या गल्लीपर्यंत येणार, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव लागणार, वस्तीवरचा रस्ता कधी होणार, हा. त्यामुळे एरवी एकाच पक्षाचा झेंडा धरणारे दोघे भाऊबंद येथे समोरासमोर उभे ठाकतात, आणि दोन पक्षांचे कार्यकर्ते एका पॅनेलात सुखाने नांदतात. पुष्कळदा ‘गावात तंटा नको’ म्हणून निवडणूक बिनविरोध केली जाते. यात सलोखा असतो हे खरे. परंतु तो कोणाच्या मूकसंमतीवर उभा आहे, हेही पाहावयास हवे. देवळा तालुक्यातील उमराणे येथे २०२० च्या डिसेंबरात सरपंचपदाचा लिलाव झाला आणि देवळाच्या कामासाठी दोन कोटी पाच लाखांची बोली लागली. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणूकच रद्द केली. पैसा देवाच्या कामी लागणार असला तरी मत हे गावाच्या सामाईक मालकीचे नव्हे, हा त्या निर्णयाचा अर्थ होय.

लोकसभेच्या वेळी तोच मतदार निराळा हिशेब मांडतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली खरी. पण टनास ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क यांचा जाच मागे राहिला. २० मे रोजी दिंडोरीत मतदान झाले आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार यांचा शिक्षक असलेल्या भास्कर भगरे यांनी एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. विशेष म्हणजे भगरे याच आडनावाच्या, तुतारी चिन्ह मिळालेल्या एका अपक्षासही लाखावर मते पडली. भगरे यांचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’. चिन्हांतील साम्य केवढा घोटाळा करू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेचे मतदान झाले. दिंडोरी लोकसभेत मोडणाऱ्या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. मध्यंतरी कांद्यावरील किमान दराची अट गेली होती, शुल्क निम्म्यावर आले होते आणि लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले होते. शिवाय आमदार हा ओळखीचा, अडीअडचणीला गाठता येणारा माणूस. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे तराजूत तोलता येणार नाही. परंतु मतदार चंचल आहे, असे मात्र यावरून ठरत नाही. त्याला दोन वेळा दोन निराळे प्रश्न विचारले गेले आणि त्याने दोन उत्तरे दिली.

टिकाऊ निष्ठा खेड्यात नसतेच, असेही नाही. सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जे. पी. गावित सात वेळा आमदार झाले. त्यामागे वनजमिनीचा लढा आहे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईस पायी गेलेल्या किसान मोर्चात याच प्रश्नाला मोठे स्थान होते. वर्षानुवर्षे संघटना दाराशी येत राहिली, तर कल टिकतो. तरीही २०१९ आणि २०२४ मध्ये कळवणमधून गावित पराभूत झाले. निष्ठेलाही मुदत असते.

आता खऱ्या काळजीचा मुद्दा. मतदान गुप्त असते, असे कायदा म्हणतो. परंतु लहान गावात मतदान केंद्र एकच असते आणि मोजणीनंतर केंद्रवार आकडे प्रसिद्ध होतात. कागदी मतपत्रिका असताना अनेक केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रात प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा उमटतो. माणसाचे मत झाकलेले राहते, वस्तीचे मात्र उघडे पडते. ‘तुमच्या वस्तीने आम्हांला मते दिली नाहीत’, असे पुढाऱ्याने सुनावले की पाण्याच्या टाकीचे काम लांबणार, हे खेडुतास सांगावे लागत नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखविणारे साधन वापरावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली होती. केंद्र सरकारने ती मान्य केली नाही.

म्हणून ‘हे गाव कोणाचे?’ हा प्रश्न आपण जरा जपून विचारावा. अभ्यासकाच्या तोंडी तो कुतूहल असतो, सत्ताधाऱ्याच्या तोंडी त्याची धमकी होते. गाव कोणाचेच नसते. त्यातल्या प्रत्येकाचे मत मात्र त्याचे असते, आणि ते निर्भयपणे देता यावे एवढी तजवीज करणे हे आपणा सर्वांचे काम आहे.