जखम झाल्यावर शरीराला खबर कोण देतं?

आजचा विषय आहे, इजा झाल्यावर शरीर स्वतःच धोक्याचा इशारा कसा देतं आणि त्यावरून प्रतिकारशक्ती कामाला कशी लागते. ऐकायला जड वाटतं, पण अनुभव आपल्या सगळ्यांचाच आहे.

निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी सुरू झाली की कात्री कुणाच्या तरी बोटाला लागतेच. रक्त थांबतं, पण थोड्याच वेळात बोट लाल होतं, सुजतं, ठणकायला लागतं. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "पिकणार बहुतेक, एखादी अँटिबायोटिक घेऊन टाक." आता विचार करा, इतक्या थोड्या वेळात जंतू वाढले कसे? आणि पाय मुरगळला तर कातडीला ओरखडाही नसतो, बाहेरून काहीच आत गेलेलं नसतं. तरी घोटा टम्म सुजतो. मग शरीराला खबर दिली कुणी?

बराच काळ आपल्याला असं शिकवलं गेलं की प्रतिकारशक्ती 'आपलं' आणि 'परकं' यांत फरक करते आणि परक्यावर तुटून पडते. पण आपल्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू सुखानं राहतात. आईच्या पोटातलं बाळ अर्धं वडिलांकडून आलेलं असतं, तरी त्याच्यावर हल्ला होत नाही. १९९४ मध्ये पॉली मॅटझिंगर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी वेगळा विचार मांडला. त्यांचं म्हणणं असं, की शरीर फक्त 'तू कोण?' एवढंच विचारत नाही, 'इथे नुकसान होतंय का?' हेही बघतं. त्यावर वाद झाले, अजूनही होतात. जंतूंची ओळख पटवणारी यंत्रणा शरीरात आहेच. पण नुकसानीचीही खबर लागते, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

ही खबर पोहोचते कशी? पेशीच्या आत काही पदार्थ असे असतात, की ते निरोगी स्थितीत बाहेर फारसे दिसतच नाहीत. एटीपी हे पेशीचं इंधन. आत भरपूर, बाहेर नाममात्र. एचएमजीबी-१ नावाचं प्रथिन केंद्रकात डीएनएला धरून बसलेलं असतं. पेशी ठेचली, कापली, भाजली की फुटते आणि हा सगळा ऐवज बाहेर सांडतो. घरातली भांडी रस्त्यावर पडलेली दिसली तर शेजारी काय समजतील? काहीतरी विपरीत घडलंय. तसंच शेजारच्या रक्षक पेशी समजतात. त्या रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्यातून पाणी पाझरतं, पांढऱ्या पेशी धावत येतात. लाली आणि सूज येते ती यातूनच. याउलट, पेशी ठरल्या वेळी शिस्तीत मरते तेव्हा ती आपलं सामान आतच बांधून ठेवते. म्हणून रोज कोट्यवधी पेशी मरूनही आपल्याला पत्ता लागत नाही.

यातली सर्वांत नवलाची गोष्ट मायटोकॉन्ड्रियाची. पेशीतली ही वीजघरं फार प्राचीन काळी स्वतंत्र जीवाणू होती. त्यांचा डीएनए आजही जीवाणूसारखा आहे. २०१० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की मोठ्या अपघातातल्या जखमींच्या रक्तात हा डीएनए फिरत असतो आणि पांढऱ्या पेशी त्यामुळे चवताळतात. माणूस घरचाच, पण तोंडवळा शत्रूचा! म्हणून जंतू नसतानाही ताप, धाप, घसरलेला रक्तदाब असं अगदी जंतुसंसर्गासारखं चित्र उभं राहू शकतं.

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे आपल्या नाशिकमध्ये औरंगाबाद रस्त्यावर खासगी बसनं पेट घेतला. ती सकाळ आपण विसरलेलो नाही. अशा भाजण्यात शरीरात काय होतं? भाजलेल्या त्वचेवरचे बरेचसे जंतू धगीनं आधीच मेलेले असतात. पण मेलेल्या पेशींचे इशारे रक्तातून सर्वत्र जातात. भाजलेला भाग मोठा असेल तर न भाजलेल्या भागातल्या रक्तवाहिन्याही पाझरू लागतात आणि रक्तातलं पाणी कमी होत जातं. म्हणून पहिल्या २४ तासांच्या सलाइनचा हिशेब करून त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत देण्याची पद्धत आहे. हे तास भाजल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पोहोचल्यापासून नव्हे. वाटेत घालवलेला वेळ यातूनच वजा होतो.

पुढे आणखी एक वळण असतं. फार मोठ्या इजेनंतर प्रतिकारशक्ती भडकते आणि त्याच वेळी दबतेही, आणि या दबलेल्या काळात खरे जंतू डाव साधतात. म्हणूनच अतिदक्षता विभागात ताप आला की डॉक्टर पुन्हा पुन्हा रक्त तपासायला पाठवतात. ताप इशाऱ्यांचा की जंतूंचा, हे नुसतं बघून सांगता येत नाही. पेशंट गंभीर असेल तर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करावं लागतं. नातेवाइकांनी 'काहीतरी लपवतायत' असं लगेच समजू नये.

मग घरी काय लक्षात ठेवायचं? साध्या इजेची सूज साधारण दोन-तीन दिवसांत कमी व्हायला लागते. अँटिबायोटिक जंतूंना मारतं. फुटलेल्या पेशींच्या निरोपावर त्याचा काही इलाज नाही. उगाच घेतलं तर जंतू तेवढे निर्ढावतात. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप येत असेल, तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर आणखी लवकर जा. आणि मातीतल्या जखमेवर धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, ते मात्र सूज असो-नसो, त्याच दिवशी विचारा.

सूज म्हणजे शत्रू नव्हे. ही हाक गेली नाही तर साफसफाई होत नाही आणि जखम भरायला सुरुवातही होत नाही. हाक किती मोठी आहे आणि किती दिवस चालली आहे, तेवढं बघायला आपण शिकलं पाहिजे.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.