उपग्रहांनी मोजलेला उंबरठा

उल्हास नदीच्या आसऱ्याने राहणाऱ्या माणसाला पावसाळा आला की एकच प्रश्न सतावतो: आपला उंबरठा पाण्याहून किती उंच? २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, ते आठवत असेलच. आमची इमारत त्यानंतरची. पंप कोठे बसवावा यावरून सभेत खडाजंगी झाली, तेव्हा उंची काढण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. पुराची खूण एक किलोमीटरवरच्या जुन्या भिंतीवर. एवढ्या लांब गवंड्याची पाण्याची नळी कशी पुरणार?

मोबाईल आहे की, असे कोणी म्हणेल. पण तो चार-पाच मीटर सहज चुकतो, आणि उंचीत त्याहून जास्त. यावरची युक्ती मोठी गमतीची आहे. दोन यंत्रे घ्यायची. एक गच्चीवर स्थिर, दुसरे हाती. वीस हजार किलोमीटरांवरून येणाऱ्या लहरींना वातावरण जो उशीर लावते तो दोन्ही यंत्रांना जवळजवळ सारखाच, म्हणून वजाबाकीत उडून जातो. शिवाय एकोणीस सेंटिमीटर लांबीच्या त्या लहरीचा अंशही मोजला जातो. फरक उरतो सेंटिमीटरभर, उंचीत थोडा अधिक. या पद्धतीला आरटीके म्हणतात.

काही शे रुपयांचे मॉड्यूल येथे उपयोगाचे नाही. यू-ब्लॉक्सचे झेडईडी-एफ९पी किंवा युनिकोअरचे यूएम९८० यांसारखे, एकाहून अधिक लहरी पकडणारे हवे. किंमत हजारांत जाते. मोजणीदारांचे तयार संच मात्र लाखांत. काटकसर कोठेही करा, अँटेनात नको! तिच्याखाली पत्र्याची चकती ठेवावी, म्हणजे खालून परतणाऱ्या लहरी अडतात. उल्हासनगरच्या दाटीच्या गल्लीत किंवा अंबरनाथच्या कारखान्यांच्या पत्र्यांजवळ उत्तम यंत्रही गोंधळते. म्हणून मी भिंतीला न चिकटता समोरची मोकळी जमीन मोजली आणि खुणेपर्यंत टेप लावली.

दुसऱ्या यंत्राचा खर्च नको असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची कायमची केंद्रे आहेत. नोंदणी केली की दुरुस्तीचे आकडे इंटरनेटवरून मिळतात. मी मात्र गच्चीच पसंत केली. केंद्र दूर गेले की किलोमीटरमागे मिलिमीटरभर चूक वाढते. बदलापुरातले यंत्र अंबरनाथपर्यंतसुद्धा खुशाल चालावे.

पहिलाच आकडा उणे आला आणि शेजारी हसले. 'अहो, आपण समुद्राखाली राहतो की काय?' यंत्र उंची मोजते ती पृथ्वीच्या काल्पनिक लंबगोलापासून, आणि मुंबईकडे समुद्रसपाटी त्याच्या साठ मीटरांहून अधिक खाली आहे. जवळच्या दोन जागांतल्या फरकाला त्याची बाधा नाही.

पंपासाठी योजलेला चौथरा खुणेपेक्षा ३४ सेंटिमीटर खाली निघाला. आता जिन्याच्या वळणावरची जागा पाहिली आहे. वायरमनचा खर्चाचा कागद तेवढा यायचा आहे.