औषध तेच, मग गुण का येत नाही?

“त्या गोळीची आता अंगाला सवय झाली, ती लागू पडत नाही,” असे आपल्या घराघरांत ऐकू येते. वाचकहो, हा समज चुकीचा आहे. सवय अंगाला होत नाही. बदलतात ते अंगातले जंतू. हे समजून घ्यायला दूर जायला नको. आपल्या वर्धा जिल्ह्यातील कुष्ठरोगाची हकीकत पुरेशी आहे.

मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली, तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. १९४०च्या दशकात डॅप्सोन वापरात आले. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. कार्यकर्ते घरोघर जाऊन रुग्ण शोधू लागले, लोकांना रोग समजावू लागले, डॅप्सोनची गोळी देऊ लागले. गोळी स्वस्त होती. पण ती वर्षानुवर्षे, काहींना तर जन्मभर घ्यायची होती. चट्टा फिका पडला की माणसाला वाटे, आता कशाला गोळी? १९६४ साली मलेशियातील रुग्णांत सिद्ध झाले की काही जंतू डॅप्सोनला दाद देत नाहीत. पुढे भारतातही तसे जंतू आढळले.

असे का होते? आपल्यापैकी पुष्कळांनी कपाशीवर फवारणी केली आहे. एकच औषध दरसाल मारले की बहुतेक अळ्या मरतात. पण जन्मतःच चिवट असलेल्या थोड्या उरतात. पुढची पैदास त्यांचीच. जंतूंचेही तसेच. कोट्यवधी जंतूंत एखादा वाढताना आपोआप थोडा वेगळा निपजतो. औषध बाकीच्यांना मारते आणि त्याला रान मोकळे होते. मग तेच जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणजे ज्याने ती गोळी कधी घेतलीच नाही, त्यालाही ती लागू पडत नाही.

यावर उपाय निघाला. एका औषधातून निसटणारा जंतू दुसऱ्या औषधातून सुटू नये, म्हणून औषधे एकत्र द्यायची. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा बहुविध उपचार सुचविला. देशात ज्या जिल्ह्यांत तो सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत आपला वर्धा होता. जन्मभराची गोळी ठरावीक मुदतीवर आली. हा उपचार आजही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.

कुष्ठाचा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. आतड्यातले काही जंतू मात्र अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. शिवाय औषध पचविण्याचा गुण ते शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. गटाराच्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून ते घरोघर पोचतात. जुलाब, लघवीची जळजळ, पिकलेली जखम यांवरची नेहमीची औषधे म्हणूनच कधी कधी निकामी ठरतात.

आणि आपण काय करतो? मजुरी बुडू नये म्हणून दुकानातून दोन गोळ्या आणतो. ताप उतरला की उरलेल्या डब्यात ठेवतो आणि पुढे शेजारणीच्या मुलाला देतो. यात प्रेम आहे, नाइलाजही आहे. पण नुकसान आपल्याच लेकरांचे आहे. साध्या सर्दी-पडशावर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नसतो, कारण ती विषाणूंमुळे होते.

म्हणून माता-भगिनींनो, गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्या. मध्येच सोडू नका. उरलेली गोळी कुणाला देऊ नका. आणि अंगावर बधिर चट्टा दिसला तर लाजून लपवू नका. लवकर दवाखाना गाठला तर हातापायाची बोटे वाचतात आणि घरातल्या इतरांचाही धोका टळतो.