फुटल्यावर काच जाते कुठं?

उदगीरला देगलूर रोडवर नवं दुकान किंवा दवाखाना उभा राहायचा म्हटलं की दर्शनी भाग काचेचा हवा, हे आता धरूनच चालतात. काचेच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक जाडी विचारतं आणि स्क्वेअर फुटाचा भाव विचारतं. "बारा एमएम टाकली की फुटायची न्हाई ना?" यावर तिथल्या मामांचं उत्तर ठरलेलं. "समदी काच फुटती. फुटल्यावर जाती कुठं, ते कुणीच इचारंनात."

साधी काच फुटली की लांब, टोकदार कपच्या होतात. टफन म्हणजे भट्टीत सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवून हवेच्या झोताने झटकन गार केलेली काच. ती साध्या काचेच्या चौपट दणका सोसते. पण गेली की पुरी जाते, खाली खडीसाखरेसारखा ढीग. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकची पातळ फिल्म असते, 0.38 मिमी किंवा त्याच्या पटीत. कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन ती अशी चिकटवतात की काच तडकली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात. एसटीच्या समोरच्या काचेला दगड लागलेला ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

ही काच किती चिवट, ते कापताना कळतं. गालिचा अंथरलेल्या टेबलावर 5+5 ची, म्हणजे पाच-पाच मिमीच्या दोन काचांची लॅमिनेटेड शीट आडवी केली. मामांनी कटर रॉकेलमध्ये बुडवला, पट्टी धरून एकच रेघ ओढली. मग दोघांनी शीट उलटी केली आणि मागच्या बाजूला अगदी त्याच रेषेवर दुसरी रेघ. इथं सूतभर चुकलं तर कडेला ओठ राहतो. खालून हलकं ठोकलं, टक्‌ करून चीर पळाली. उलटवून दुसऱ्या बाजूचंही तेच. आता दोन्ही काचा तुटलेल्या, तरी शीट अखंडच! फटीत स्पिरिट सोडलं, काडी लावली. निळसर ज्योत पळाली, फिल्म मऊ पडली, तशी फट जराशी उघडून त्यात ब्लेड फिरवलं, तेव्हा कुठं दोन तुकडे झाले. टफनला मात्र भट्टीतून आल्यावर कटर लावताच येत नाही. म्हणून टफन करून लॅमिनेट केलेली काच हवी असेल तर माप आधीच पक्कं लागतं. भिंतीचं प्लास्टर व्हायच्या आत माप देणारे पुढे कपाळाला हात लावतात.

1993 च्या सप्टेंबरातल्या भूकंपात किल्लारीला माणसं दबली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली. डोक्यावर काय आहे आणि ते कुठं पडेल, हा प्रश्न आमच्या लातूर जिल्ह्याला नवा नाही. तरीही जिन्यावरच्या चौकाला नुसती टफन टाकलेली दिसते. माझ्या मते डोक्यावरच्या काचेला आणि गॅलरीच्या कठड्याला लॅमिनेटेडशिवाय पर्याय नाही. गारपिटीत ती तडकेल, पण खालच्या माणसावर कोसळणार नाही. कठडा फुटला तरी पोरगं टेकलं त्या जागी एकदम पोकळी होणार नाही. बाथरूमच्या आडोशाला टफन पुरते, तिथं उगाच जास्तीचा खर्च कशाला? रस्त्याकडच्या दवाखान्याला मात्र लॅमिनेटेडचा आणखी उपयोग आहे: फिल्ममुळे हॉर्नचा आवाज काहीसा दबतो आणि अतिनील किरणं जवळजवळ सगळी अडतात. सोनाराच्या शोकेसला चोराचा वेळ खाते. पण हाच चिवटपणा आगीत अंगावर येतो. आतल्या माणसाला काच फोडून बाहेर पडणं जमत नाही, म्हणून प्रत्येक मजल्यावर एक तरी खिडकी उघडणारी ठेवावी.

बसवताना घोटाळा होतो तो कडेला. शिरक्यासारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन स्वस्त मिळतं, पण त्यातलं आम्ल फिल्मच्या मुळावर येतं. कडेला पाणी साचलं तरी तेच. वर्षा-दोन वर्षांत पांढुरका पट्टा आत सरकायला लागतो. न्यूट्रल सिलिकॉन मागावं, आणि चौकटीच्या खालच्या पट्टीला पाणी निघायला भोकं आहेत का, ते बघावं. काच चौकटीत जायच्या आधी तिची कड उजेडात धरायची. दोन काचांच्या मधोमध फिल्मची बारीक रेघ दिसली, तरच लॅमिनेटेडचे पैसे द्यायचे.