लुसिटानिया, सावकार आणि एक जुगार: अमेरिका १९१७ मध्ये युद्धात का उतरली

जर्मनांनी लुसिटानिया जहाज बुडवलं आणि अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, हे शाळेतल्या इतिहासापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दोन तारखा शेजारी मांडल्या की ते डळमळतं. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने या जहाजावर टॉर्पेडो सोडला तो ७ मे १९१५ रोजी. अमेरिकेने युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ रोजी. मधल्या तेवीस महिन्यांत राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी निषेधाचे खलिते धाडले, पाणबुड्यांना आवर घालण्याचं वचन जर्मनीकडून मिळवलं आणि देशाला युद्धाबाहेर ठेवल्याचं श्रेय घेत १९१६ ची निवडणूकही जिंकली.

सुमारे १,२०० माणसं त्या दिवशी बुडाली, त्यांत १२८ अमेरिकन होते. लोक खवळले, पण युद्ध मागणारे थोडेच होते. त्याच जहाजाच्या पोटात रायफलची सुमारे ४२ लाख काडतुसं होती, आणि लढणाऱ्या देशाच्या जहाजाने प्रवास करणं धोक्याचं आहे, अशी सूचना जर्मन वकिलातीने अमेरिकी वृत्तपत्रांत आधीच छापून आणली होती. परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचं म्हणणं सरळ होतं: असल्या जहाजांवर आपल्या नागरिकांना चढूच देऊ नका. विल्सन यांना ते मान्य नव्हतं. तटस्थ देशाच्या नागरिकाचा समुद्रावरचा हक्क म्हणजे हक्क, तो सोडायचा नाही. ब्रायन यांनी जून १९१५ मध्ये राजीनामा दिला. माझ्या मते पुढच्या युद्धाचं बीज जहाज बुडण्यात नाही, या मतभेदात आहे. हक्क न सोडण्याचं एकदा जाहीर केलं की तो तुडवायचा की नाही, हे दुसऱ्याच्या हाती जातं.

शस्त्रं विकली, म्हणजे तटस्थता तिथेच संपली?

कायद्याने नाही. १९०७ च्या हेग करारांनुसार तटस्थ देशातल्या खासगी व्यापाऱ्यांनी लढणाऱ्यांना शस्त्रं विकली, तर ती रोखण्याचं बंधन सरकारवर नव्हतं. घालायचीच तर बंदी दोन्ही बाजूंना सारखी घालायची, एवढीच अट. अमेरिकी कारखान्यांचं दुकान जर्मनीलाही खुलं होतं. पण दुकानापर्यंतच्या रस्त्यावर ब्रिटिश आरमार उभं होतं. त्यामुळे १९१४ ते १९१६ या काळात दोस्तांशी अमेरिकेचा व्यापार जवळपास चौपट झाला आणि जर्मनीशी होता तो जवळजवळ आटला. कागदावर समान असलेली वागणूक प्रत्यक्षात एका बाजूची रसद ठरली. बर्लिनमध्ये संताप होता तो याचा, आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही.

याच कायद्याचं दुसरं टोक आपल्या माणसांना लागलं. शस्त्रं विकायला मोकळीक होती, पण तटस्थ भूमीवरून लष्करी मोहीम उभारणं हा गुन्हा होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे ज्या गदर चळवळीत होते, तिच्या हिंदुस्थानातल्या उठावासाठी जर्मन पैशाने घेतलेल्या रायफली १९१५ मध्ये सॅन डिएगोहून ॲनी लार्सन या शिडाच्या जहाजातून निघाल्या. मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे मॅव्हरिक नावाचं तेलवाहू जहाज त्या उचलणार होतं. दोघांची चुकामूक झाली आणि शस्त्रं शेवटी अमेरिकी अधिकाऱ्यांच्याच हाती पडली. नोव्हेंबर १९१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खटला उभा राहिला. आरोप होता अमेरिकेच्या तटस्थतेचा भंग केल्याचा, आणि अमेरिका तेव्हा स्वतः सात महिने युद्धात होती. पिंगळे तोवर लाहोरला फासावर गेले होते.

सावकारांनी देशाला ढकललं?

हा समज सगळ्यांत चिवट, कारण तो निम्मा खरा आहे. आरंभी ब्रायन यांनी लढणाऱ्या देशांना कर्ज देऊ नये असं धोरण ठेवलं होतं. ते हळूहळू सैल झालं आणि १९१५ मध्ये जे. पी. मॉर्गनच्या पेढीने ब्रिटन-फ्रान्ससाठी ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं. युद्धात उतरेपर्यंत दोस्तांकडे अमेरिकेचे सुमारे २३० कोटी डॉलर अडकले होते, जर्मनीकडे जेमतेम २ कोटी ७० लाख. पुढे १९३४ ते १९३६ दरम्यान सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने या व्यवहारांची चौकशी केली आणि 'मृत्यूचे व्यापारी' हा शब्द घरोघरी पोचला.

आता उरलेली निम्मी बाजू. नोव्हेंबर १९१६ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या मंडळाने गुंतवणूकदारांना बजावलं की विनातारण परदेशी रोख्यांत पैसे घालताना जपून राहा. विल्सन यांनी ही सूचना आणखी कडक करून घेतली. ब्रिटनची पत तेव्हा टेकीला आली होती. कर्ज बुडण्याच्या भीतीने युद्धात उतरणारं सरकार ऐन वेळी ऋणकोचाच गळा आवळत नाही.

झिमरमन तारेबद्दल थोडक्यात. जर्मन परराष्ट्रमंत्र्याने मेक्सिकोला टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून देण्याचं आमिष दाखवणारी ती तार ब्रिटिशांनी रचली, असं आजही म्हटलं जातं. ब्रिटिशांनी ती पकडली आणि उलगडली, रचली नाही. १ मार्च १९१७ ला ती छापून आली आणि दोनच दिवसांत आर्थर झिमरमन यांनी ती आपलीच असल्याचं कबूल केलं.

तटस्थ राहायचं की नाही, हे तटस्थ देशच ठरवतो?

अमेरिकेपुरता निर्णायक दिवस ९ जानेवारी १९१७ होता, आणि जागा होती प्लेस, कैसरचं लष्करी ठाणं. नौदलप्रमुख होल्टझेनडॉर्फ यांचं गणित असं: महिन्याला ६ लाख टन जहाजं बुडवली तर पाच महिन्यांत इंग्लंड गुडघे टेकेल. त्यासाठी तटस्थांची जहाजंही सोडायची नाहीत. अमेरिका युद्धात येणार हे धरूनच हा हिशेब मांडला होता. तिचं तुटपुंजं सैन्य युरोपात पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल, अशी खात्री होती. चान्सलर बेथमान होल्वेग यांचा विरोध तिथे मावळला आणि पाणबुड्यांना आवर घालण्याचं वचन मोडायचा जुगार ठरला. एप्रिलमध्ये बुडवलेल्या जहाजांचा आकडा ठरल्यापेक्षा पुढेच गेला. इंग्लंड मात्र टिकलं, कारण जहाजं ताफ्याने आणि संरक्षणात जाऊ लागली.

जहाजं बुडण्यानेच देश युद्धात जात असते, तर नॉर्वे कधीच गेला असता. त्याचे सुमारे २,००० खलाशी समुद्रात गेले, तरी तो तटस्थ राहिला. त्याच्याकडे हक्क होते, ते बजावण्याची ताकद नव्हती. अमेरिकेकडे दोन्ही होतं. तरीही प्रतिनिधिगृहात युद्धाच्या ठरावाविरुद्ध ५० आणि सिनेटमध्ये ६ मतं पडली.

ब्रायन यांचं म्हणणं शेवटी कायद्यात आलं, वीस वर्षं उशिरा. १९३५ ते १९३७ च्या तटस्थता कायद्यांनी लढणाऱ्यांना शस्त्रं विकणं, कर्ज देणं आणि त्यांच्या जहाजांनी प्रवास करणं, तिन्हींवर बंदी घातली. मग युरोपात पुन्हा युद्ध पेटलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रविक्रीची बंदी उठली. अट सगळ्यांना सारखी होती: रोख पैसे मोजा आणि माल आपल्या जहाजातून घेऊन जा. अटलांटिकवर कुणाची जहाजं मोकळी फिरू शकत होती, हे कायदा करणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.