नगरसेवक व्हायचंय? (भाग ७) : अ, ब, क की ड?

आज खर्चाचा हिशेब मांडायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या आठवड्यात. कारण नाशिकच्या सातपूरहून एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न आधी सोडवायलाच हवा. ताई बचतगट चालवतात, पुढच्या वेळी अपक्ष उभं राहायचं म्हणतात. विचारतात, "प्रभागात चार जागा. मी बाई, म्हणजे महिलांच्याच जागेवर अर्ज भरायचा ना? आणि कुठलीही जागा घेतली तरी मतदार तेच, मग फरक काय?"

पहिलं उत्तर सोपं आहे. महिलांसाठी राखीव जागेवर पुरुष उभा राहू शकत नाही, पण सर्वसाधारण जागेवर बाईला कुणी अडवू शकत नाही. नाशिकच्या १२२ जागांपैकी ६१ महिलांसाठी राखीव आहेत. उरलेल्या ६१ पुरुषांच्या नावावर लिहून दिलेल्या नाहीत. फक्त अनुसूचित जाती, जमाती किंवा मागासवर्गाची जागा असेल, तर त्या प्रवर्गाचा जातीचा दाखला हवा आणि वैधतेचं काम आधीपासून हाती घेतलेलं हवं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला २०१७ साली पंचवटीतल्या एका शाळेत मिळालं. एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून मी बूथवर बसलो होतो. एक आजी आत गेल्या, एक बटण दाबून काठी टेकत निघाल्या. अधिकारी म्हणाले, "आजी, अजून तीन राहिली." आजी म्हणाल्या, "ज्याला द्यायचं त्याला दिलं की." त्यांना परत पाठवलं. मग तीन बटणं एका दमात वाजली आणि शेवटचा लांब आवाज आला. त्यांनी कुणाला मत दिलं ते कुणालाच कळलं नाही, कळूही नये. पण त्या वेगात विचाराला जागा नव्हती, एवढं मला दिसलं.

चार जागांच्या प्रभागाची अडचण तिथेच आहे. अ जागेला पांढरी मतपत्रिका, ब ला फिकी गुलाबी, क ला फिकी पिवळी, ड ला फिकी निळी. चारही मतं दिल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. कुणीच नको असेल तर त्या जागेचं 'नोटा' दाबावं लागतं. मोठ्या पक्षाचं पॅनल चारही ठिकाणी एकच चिन्ह घेऊन उभं असतं, त्यामुळे त्याचा प्रचार एका वाक्यात होतो. अपक्षाला मात्र दारोदार सांगावं लागतं, "बाकी तीन तुमच्या मनाने द्या, पण क मध्ये माझं चिन्ह बघा." मतदाराला अक्षर आणि चिन्ह दोन्ही लक्षात ठेवायला लावणं सोपं नाही. म्हणून ताई, जिथे पॅनलचा उमेदवार सगळ्यात कमजोर, ती तुमची जागा. ते अर्जमाघारीनंतर स्पष्ट होतं, पण अर्ज आधी भरायचा असतो. तेव्हा अंदाज आत्तापासून बांधा.

या पद्धतीवर माझा राग जुना आहे. २००२ साली तीन जागांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनांचा, २०१७ ला चारांचा. मधे सरकारं बदलली तशी कधी एक, कधी तीन असं ठरत आणि मोडत राहिलं. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं ते पुन्हा चारांच्याच हिशेबाने : ३१ प्रभाग, त्यांतल्या फक्त दोन प्रभागांत तीन-तीन जागा. मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच नगरसेवक. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या पावणेपंधरा लाखांच्या वर होती. एका जागेमागे बारा हजार माणसं धरली, तर चारांच्या प्रभागात अठ्ठेचाळीस हजार होतात. बारा हजार माणसांपर्यंत चपला झिजवून पोचता येतं. अठ्ठेचाळीस हजारांपर्यंत पोचायला पैसा लागतो. आणि निवडून आल्यावर गटार तुंबलं, की चौघांपैकी कुणाला फोन करायचा हे मतदाराला कळत नाही. साध्या कार्यकर्त्याला खरी संधी एकसदस्यीय प्रभागच देतो, असं मी ठामपणे म्हणतो.

पुन्हा अर्जाकडे येतो. ताई, अर्जावरचे सूचक आणि अनुमोदक तुम्ही जिथून उभ्या राहाल त्याच प्रभागाच्या मतदारयादीतले हवेत. तुमचं स्वतःचं नाव शहरात कुठल्याही प्रभागात असलं तरी चालतं. बचतगटातल्या ज्या दोघींना विचारणार असाल, त्यांचं नाव नक्की कुठल्या यादीत आहे ते आजच तपासून घ्या.